त्रिपदीचे अवयव : करून पाहण्याची सवय मोडावी का?

सप्रेम नमस्कार.

आपला मुलगा यंदा दहावीला आहे, वर्गसमीकरणांचा धडा नुकताच सुरू झाला आहे आणि अवयव पाडायचे म्हटले की तो कंसांत आकडे घालून पाहतो, जुळले नाहीत की खोडतो आणि दोन-तीनदा असे झाले की वही मिटतो, असे आपण लिहिले आहे. शाळेतल्या बाई मधल्या पदाची फोड करायला सांगतात, शिकवणीचे सर म्हणतात की सरळ सूत्रात किमती घाल आणि मोकळा हो, आणि मुलाच्या पद्धतीला ते ‘अंदाजपंचे’ म्हणतात. आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: ही सवय मोडावी का, एखाद्या त्रिपदीचे अवयव पडतच नाहीत हे आधी कसे ओळखावे, आणि परीक्षेत अशा उत्तराचे गुण कापले जातील का. पत्राबरोबर त्याच्या वहीतले एक अर्धवट राहिलेले उदाहरणही आपण उतरवून पाठवले आहे. त्याबद्दल विशेष आभार, कारण आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका उदाहरणातून देता येतात.

सवय मोडू नका, असे मी आपल्याला मनापासून सांगते. त्या सवयीला शिस्त मात्र लावावी लागेल. कंसांत आकडे घालून पाहणे आणि गुणाकार करून ताळा घेणे ही अवयव पाडण्याची अस्सल पद्धत आहे. तिला प्रयत्न-प्रमाद पद्धत म्हणतात. तिचा कंटाळा येतो तो प्रयत्न फसतात म्हणून नव्हे. फसलेल्या प्रयत्नातून पुढच्या प्रयत्नासाठी काय हाती लागले, हे मुलाला कोणी दाखवलेले नसते, म्हणून प्रत्येक वेळी आपण पुन्हा पहिल्या पायरीवर आलो असे त्याला वाटते.

आता ते उदाहरण पाहू. त्रिपदी आहे ६क्ष² + ७क्ष − २०. आपल्या मुलाने क्रमाने तीन जोड्या करून पाहिल्या आणि खोडल्या: (६क्ष − ४)(क्ष + ५), मग (३क्ष + ५)(२क्ष − ४), आणि शेवटी (६क्ष + ५)(क्ष − ४). पहिल्या जोडीत मधले पद २६क्ष आले, दुसरीत −२क्ष, तिसरीत −१९क्ष. हवे होते ७क्ष. येथे त्याने हात टेकले.

त्याची पहिली जोडी पुन्हा पाहा. (६क्ष − ४) या कंसातून २ हा सामाईक अवयव बाहेर निघतो. म्हणजे त्या कंसाला कशानेही गुणले तरी येणाऱ्या गुणाकाराच्या प्रत्येक सहगुणकाला २ ने भाग जाणार. आपल्या त्रिपदीत मधला सहगुणक ७ आहे आणि ७ ला २ ने भाग जात नाही. तेव्हा ही जोडी गुणाकार न करताच बाद करता आली असती. दुसऱ्या जोडीतल्या (२क्ष − ४) चेही तेच. तिसरी जोडी मात्र विचारात घेण्याजोगी होती. तिच्यातून १९ आले, ७ आले नाहीत, एवढेच.

हा एक नियम मुलाच्या मनात पक्का बसला तर त्याचे निम्म्याहून अधिक श्रम वाचतील: मूळ त्रिपदीच्या तिन्ही सहगुणकांत सामाईक अवयव नसेल तर तिच्या कोणत्याही कंसात सामाईक अवयव असू शकत नाही. या उदाहरणात नियमाने किती फरक पडतो ते मोजता येते. ६ च्या जोड्या दोन, १ × ६ आणि २ × ३. २० चे विभाजक सहा: १, २, ४, ५, १०, २०. कंसातल्या जागा आणि चिन्हे धरून एकूण २४ शक्यता होतात, आणि मूल एकेक करून त्या तपासायला बसले तर त्याचा धीर सुटणे स्वाभाविक आहे. पण सुरुवातीला चिन्हे बाजूला ठेवावीत आणि सामाईक अवयव असलेले कंस गाळावेत. क्ष आणि ६क्ष अशी सुरुवात केली तर ६क्ष शेजारी २, ४, १० किंवा २० येऊ शकत नाहीत. उरतात १ आणि ५. २क्ष आणि ३क्ष अशी सुरुवात केली तर २क्ष शेजारी सम संख्या चालत नाही. तेथेही उरतात १ आणि ५. म्हणजे सगळ्या मिळून चारच जोड्या शिल्लक राहिल्या.

आता प्रत्येक जोडीत बाहेरच्या पदांचा आणि आतल्या पदांचा गुणाकार करायचा. शेवटचे पद ऋण आहे, त्यामुळे दोन कंसांतली चिन्हे विरुद्ध असणार आणि मधले पद त्या दोन गुणाकारांच्या वजाबाकीतून येणार. क्ष, २० आणि ६क्ष, १ यांतून १ आणि १२० मिळतात, फरक ११९. क्ष, ४ आणि ६क्ष, ५ यांतून ५ आणि २४, फरक १९. हीच आपल्या मुलाची तिसरी जोडी. २क्ष, १ आणि ३क्ष, २० यांतून ४० आणि ३, फरक ३७. २क्ष, ५ आणि ३क्ष, ४ यांतून ८ आणि १५, फरक ७. हेच हवे होते. चिन्हे आता ठरवायची: मधले पद धन आहे, म्हणून मोठा गुणाकार, म्हणजे १५, धन हवा, १५ हे ५ आणि ३ यांच्या गुणाकारातून आले आहेत, म्हणून ५ धन आणि ४ ऋण. उत्तर (२क्ष + ५)(३क्ष − ४).

चिन्हे शेवटी ठरवण्यावर माझा भर आहे. मुले जोडी आणि चिन्ह यांचा विचार एकदमच करतात, आणि मधले पद −७क्ष आले की संपूर्ण जोडीच खोडून टाकतात. वास्तविक त्या वेळी उत्तर हातात आलेले असते. दोन्ही कंसांतली चिन्हे उलटी केली की काम होते. शेवटचे पद धन असेल तेव्हा तर चिन्हांचा प्रश्न आधीच सुटलेला असतो, कारण दोन्ही कंसांत एकच चिन्ह येते आणि ते मधल्या पदाचेच असते.

आपण त्याच्याकडून एक गोष्ट आजपासून करून घ्या. वहीच्या उजव्या कडेला रेघ मारून कच्च्या कामासाठी जागा ठेवू द्या आणि तेथे खोडरबर चालवायचा नाही असे ठरवा. फसलेली जोडी तशीच राहील आणि तिच्यापुढे आलेले मधले पद लिहिले जाईल: २६, −२, −१९. त्याच्या वहीत हे तीन आकडे खोडले गेले नसते तर त्यातले पहिले दोन सम आहेत आणि आपल्याला विषम हवा आहे, हे त्याच्या नजरेला कदाचित आपणहून आले असते.

मधल्या पदाचा आकार हीसुद्धा मोठी खूण आहे, आणि शिकवताना तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही याचे मला वाईट वाटते. १२क्ष² − ३१क्ष + २० आणि १२क्ष² + २४१क्ष + २० या दोन त्रिपदी शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींची टोके सारखीच आहेत. बाहेरचा आणि आतला अशा दोन गुणाकारांच्या संख्या परस्परांत गुणल्या तर दोन्हीकडे १२ × २०, म्हणजे २४०, यायला हव्यात. आता २४० च्या ज्या जोडीतल्या संख्या एकमेकींच्या अगदी जवळ आहेत तिची बेरीज सर्वांत लहान, आणि ज्या जोडीतल्या संख्या सर्वांत दूर आहेत तिची बेरीज सर्वांत मोठी. १५ आणि १६ ही सर्वांत जवळची जोडी आहे व तिची बेरीज ३१. १ आणि २४० ही सर्वांत दूरची व तिची बेरीज २४१. म्हणून पहिल्या त्रिपदीत मधले आकडे घेऊन सुरुवात करायची आणि (३क्ष − ४)(४क्ष − ५) मिळवायचे. दुसरीत टोकाचे आकडे घ्यायचे आणि (क्ष + २०)(१२क्ष + १) मिळवायचे. मधला सहगुणक ३० असता तर पूर्णांकांत अवयव पडलेच नसते, हेही येथेच कळते. मधले पद पाहून ‘जवळची जोडी की दूरची’ एवढा प्रश्न मुलाने स्वतःला विचारला तरी त्याचा पहिला प्रयत्न योग्य जागेच्या आसपास पडेल.

आता आपला दुसरा प्रश्न, अवयव पडतच नसतील तर. हा प्रश्न आपण विचारलात याचा मला फार आनंद झाला, कारण करून पाहण्याच्या पद्धतीचा खरा दुबळेपणा येथे आहे: सर्व शक्यता संपेपर्यंत, पुढची जोडी जुळेल की नाही हे ती आपणहून सांगत नाही. त्याला उपाय मात्र सोपा आहे, आणि तो मुलाला सूत्र म्हणून न देता कारणासह द्यावा. आपल्याला अशा दोन संख्या हव्या असतात की ज्यांची बेरीज मधला सहगुणक आणि गुणाकार टोकांच्या सहगुणकांचा गुणाकार असेल. येथे बेरीज ७ आणि गुणाकार −१२०. दोन संख्यांच्या बेरजेच्या वर्गातून त्यांच्या गुणाकाराची चौपट वजा केली की त्यांच्यातल्या फरकाचा वर्ग मिळतो. ४९ मधून −४८० वजा केले की ५२९ येतात, आणि ५२९ हा २३ चा वर्ग आहे. म्हणजे त्या दोन संख्यांत २३ चा फरक आहे, आणि अवयव नक्की पडतात.

हाच तो विवेचक, जो धड्यात ब² − ४अक असा भेटतो आणि ज्याचा उपयोग मुले मुळांचे स्वरूप ठरवण्यापुरताच करतात. शेवटच्या पदात −२० च्या जागी −१८ असते तर ४९ + ४३२, म्हणजे ४८१ आले असते. २१ चा वर्ग ४४१ आणि २२ चा ४८४; ४८१ पूर्ण वर्ग नाही. तेव्हा ६क्ष² + ७क्ष − १८ चे पूर्णांक सहगुणकांचे अवयव पडत नाहीत, आणि त्यावर एकही प्रयत्न करण्याची गरज उरत नाही. तिसऱ्या फसलेल्या प्रयत्नानंतर विवेचक काढायचा, असा नेम मुलाला घालून द्या. पूर्ण वर्ग आला तर शोध पुढे चालू ठेवायचा, नाही आला तर सूत्र किंवा पूर्ण वर्ग पद्धत घ्यायची. अपूर्णांक घालून पाहिले असते तर जुळले असते का, अशी शंका काही चौकस मुले काढतात. त्यांनी निश्चिंत असावे: पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदीचे अपूर्णांकांच्या साहाय्याने अवयव पडत असतील तर ते पूर्णांकांतही पडतातच, हे गाऊस या जर्मन गणितज्ञाने १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या अंकसिद्धान्तावरील ग्रंथाच्या आधाराने सिद्ध होते. म्हणून आपला शोध पूर्णांकांपुरता ठेवला तरी काही निसटत नाही.

याच हिशेबात आणखी एक देणगी आहे. बेरीज ७ आणि फरक २३ कळल्यावर त्या दोन संख्या शोधायला अंदाजाची गरजच नाही: ७ आणि २३ यांच्या बेरजेची निमपट १५, आणि ७ मधून २३ वजा करून निमपट −८. बेरीज आणि फरक यांवरून दोन संख्या काढण्याच्या या रीतीला भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संक्रमण म्हटले आहे, आणि तो ग्रंथ ११५० च्या सुमाराचा आहे. आकडे मोठे आणि भरपूर विभाजकांचे असतील, तेव्हा मी स्वतः विद्यार्थ्यांना हीच वाट दाखवते. अडलेल्या मुलाला ती शोधाच्या पोटातूनच निघालेली दिसते, म्हणून परकी वाटत नाही.

शाळेतल्या बाई आणि आपला मुलगा यांच्यात आपल्याला जो विरोध दिसतो तोही येथे मावळतो. बाईंच्या पद्धतीत ६ × २० = १२० च्या जोड्या लिहायच्या: १ व १२०, २ व ६०, ३ व ४०, ४ व ३०, ५ व २४, ६ व २०, ८ व १५, १० व १२. यांपैकी दोन्ही संख्या सम असलेल्या जोड्या गाळा, कारण त्यांचा फरक सम येतो. उरतात १ व १२०, ३ व ४०, ५ व २४, ८ व १५. वर आपण गाळून ठेवलेल्या चार कंसजोड्यांचे बाहेरचे-आतले गुणाकार आठवा: तेच चार! बाई ज्या संख्या शोधतात त्याच आपला मुलगा शोधतो आहे. बाई आधी मधल्या पदाची फोड करतात आणि मग कंस बांधतात, तो आधी कंस बांधतो आणि फोड त्याला गुणाकारात दिसते.

म्हणून आपल्या तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. प्रश्नात ‘अवयव पद्धतीने सोडवा’ असे म्हटले असेल तर पायऱ्या दिसायला हव्यात. नुसते दोन कंस लिहून तपासनिसाच्या मर्जीवर सोडू नये. आपल्या मुलाने कच्च्या कामात कंस शोधावेत, बाहेरचा आणि आतला गुणाकार पाहावा, आणि पक्क्या कामात ते दोन आकडे फोड म्हणून मांडावेत:

६क्ष² + ७क्ष − २०
= ६क्ष² + १५क्ष − ८क्ष − २०
= ३क्ष(२क्ष + ५) − ४(२क्ष + ५)
= (२क्ष + ५)(३क्ष − ४)

तिसऱ्या ओळीकडे नीट लक्ष द्यायला सांगा. −८क्ष − २० मधून −४ बाहेर काढताना पुष्कळ मुले कंसात (२क्ष − ५) लिहितात. मग दोन कंस सारखे राहत नाहीत आणि मुले गडबडून फोडच चुकली असे समजतात. कंस आधी माहीत असलेल्या मुलाची ही चूक तेथल्या तेथे लक्षात येते, आणि करून पाहण्याच्या पद्धतीचा हा लाभ मला फार मोलाचा वाटतो.

शिकवणीच्या सरांचा आग्रह मला पूर्णपणे पटत नाही. सूत्र कोणत्याही वर्गसमीकरणाला लागू पडते हे खरे, आणि ते मुलाला यायलाच हवे. पण ५क्ष² + १३क्ष − ६ सारख्या त्रिपदीत पहिला सहगुणक मूळ संख्या आहे, ५ ची जोडी एकच, आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात (५क्ष − २)(क्ष + ३) मिळून जाते. तेथे सूत्र वापरणे म्हणजे वेळ घालवणे आहे, शिवाय १६९ + १२० करून २८९ चे वर्गमूळ काढताना चुकायला जागा अधिक. याउलट √२क्ष² + ७क्ष + ५√२ असे काही समोर आले की कंसांत चाचपडत बसू नये. टोकांचा गुणाकार १०, बेरीज ७, म्हणून ५ आणि २ अशी फोड करून (√२क्ष + ५)(क्ष + √२) पर्यंत यावे. कोठे काय वापरायचे हे मुलाने आकडे पाहून ठरवावे, आणि ते ठरवण्याची समज दोन्ही गोष्टी करून पाहिल्याशिवाय येत नाही.

सामाईक अवयव सर्वांत आधी बाहेर काढण्याची खबरदारी मात्र कोणत्याही पद्धतीत सुटत नाही. १८क्ष² + २१क्ष − ६० चे अवयव (९क्ष − १२)(२क्ष + ५) असे कोणी लिहिले तर गुणाकार बरोबर येतो, तरीही उत्तर अपुरे आहे, कारण पहिल्या कंसात ३ अडकून पडले आहेत. ३ आधी काढले की आत आपली ओळखीची त्रिपदीच राहते आणि उत्तर ३(२क्ष + ५)(३क्ष − ४) येते. समीकरण सोडवताना दोन्ही बाजूंना ३ ने भागून ते सोडून देता येतात. अवयव पाडताना ते लिहावेच लागतात. या दोन प्रसंगांची गल्लत होते, तेव्हा त्याच्याकडून एकदा दोन्ही उदाहरणे शेजारी शेजारी करून घ्या.

सरावासाठी आणखी वीस उदाहरणे देण्यापेक्षा मी एकच काम सुचवते, आणि ते आपण दोघांनी मिळून करावे. पहिला सहगुणक ६ आणि शेवटचे पद −२० कायम ठेवा आणि मधला सहगुणक कोणकोणता असला तर अवयव पडतील ते त्याला शोधू द्या. त्याने कंस मांडावेत, गुणाकार करावेत आणि येणारे मधले आकडे एका ओळीत लिहावेत. ताळ्यासाठी उत्तर देऊन ठेवते: २, ७, १४, १९, २६, ३७, ५८ आणि ११९, व हेच आठ आकडे ऋण चिन्हासह, असे एकूण १६. यांतले सम आकडे दोन-दोन वेगळ्या कंसजोड्यांतून येतील आणि विषम आकडे एकेकीतूनच. असे का होते हे त्याला विचारा, आणि सम आकड्याच्या त्रिपदीतून २ आधी बाहेर काढायला सांगून त्या दोन जोड्या पुन्हा पाहायला लावा. हे काम त्याने मनापासून पुरे केले की टोके बदलून ४ आणि −१५ द्या, आणि त्या वेळी उत्तरे त्याच्याआधी आपणही काढून ठेवा.